बुजुर्गांचे प्रगतीपुस्तक

आमचे अब्बा टेलर होते. कराडच्या पेठेत त्यांचे छोटे दुकान होते. पायाने चालवायच्या मशीनवर त्यांनी चाळीस वर्षे लोकांचे सदरे, पायजमे, शाळेचे गणवेश आणि ईदचे कुर्ते शिवले. वयाच्या ६९ व्या वर्षी आम्ही भावंडांनी मिळून त्यांना दुकान बंद करायला लावले. "अब्बा, खूप कष्ट केलेत. आता आराम करा," असे आम्ही म्हणालो. ही आपली खिदमत आहे, असे आम्हाला वाटत होते.

पुढच्या तीन वर्षांत घरात काही बारीकसारीक बदल झाले. अब्बांच्या पँटी सैल पडू लागल्या. ते स्वतःच मशीनवर बसून कंबर आत घेत आणि "टेलर बारीक झाला की कापड वाचतं," म्हणून हसत. आम्हीही हसायचो. बाजारातून येताना भाजीची पिशवी ते माझ्या मुलाच्या हातात देऊ लागले. लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडेना, तेव्हा आम्ही बरणीला दोष दिला. मशिदीत पहिल्या सफमध्ये उभे राहणारे अब्बा कोपऱ्यात खुर्चीवर बसून नमाज पढू लागले. मी विचारले, तर म्हणाले, "घुटने दुखते बेटा, उमर हो गई." मला ते पटले. अम्मीलाही पटले. उमर तर झालीच होती.

मग जानेवारीतल्या एका पहाटे, फजरच्या वुजूसाठी उठलेल्या अब्बांचा मोरीत तोल गेला. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन चांगले झाले. पण अब्बा त्यानंतर स्वतःच्या पायांनी मशिदीपर्यंत कधी गेले नाहीत. चौदा महिन्यांनी ते अल्लाहला प्यारे झाले.

त्यांना व्यायाम द्यायला घरी एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी येत असे. ती एकदा मला म्हणाली, "मॅडम, हाड डॉक्टरांनी नीट बसवलंय. पण त्या हाडाला उभं करणारं मांस आधीच गेलेलं होतं. पडायच्या आधी घरात काही जाणवलं नव्हतं का?" मी तिला पँटीपासून खुर्चीपर्यंत सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्हाला दिसलं होतं सगळं."

खरेच, दिसले होते. फक्त त्याचा अर्थ कळला नव्हता. तो अर्थ मला उशिरा कळला. वाचक बंधू-भगिनींना तो वेळेवर कळावा, म्हणून हा लेख.

'उमर' नव्हे, आजार

वय वाढते तसे अंगातले स्नायू, म्हणजे साध्या भाषेत मांस, कमी होत जाते. ही उतरण तिशी-चाळिशीपासून सुरू होते. दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. थोडी घट सर्वांचीच होते. पण काहींच्या बाबतीत ती इतकी होते की उठणे, चालणे, जिना चढणे, वस्तू धरणे अवघड होऊन बसते. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात 'सार्कोपेनिया' म्हणतात. अमेरिकेतले डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ग्रीक भाषेतून हा शब्द घडवला. 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. २०१६ मध्ये अमेरिकेत आजारांच्या अधिकृत यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला. म्हणजे ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या 'उमर हो गई' म्हणत आलो, त्याला आजाराचा दर्जा मिळून फार वर्षे झालेली नाहीत. आपल्या अनेक घरांत हा शब्द अजून पोहोचलेला नाही, यात नवल नाही.

यात एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मांस कमी होण्यापेक्षा ताकद कमी होण्याचा वेग जास्त असतो. म्हणून माणूस हडकुळा दिसू लागण्याची वाट पाहू नये. युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१८ मध्ये आपले नियम सुधारले, तेव्हा पहिली खूण म्हणून ताकदीलाच स्थान दिले. स्नायू किती उरले आहेत, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरी गोष्ट, वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका. मांस कमी होत असताना त्याच जागी चरबी वाढत असेल, तर वजन तेवढेच राहते. अंगाने भरलेली, मधुमेह असलेली एखादी खाला वरून 'तब्येतीने चांगली' दिसते, पण जमिनीवरून उठताना तिला दोघांचा आधार लागतो. तिच्याकडे आपले लक्ष जात नाही, कारण अशक्त म्हणजे बारीक, असे आपण धरून चालतो.

जे रोज दिसते, तेच पाहायचे

हा आजार दवाखान्याच्या आधी घरात दिसतो. डॉक्टर आपल्या बुजुर्गांना पाच मिनिटे आणि तेही बसलेले पाहतात. आपण त्यांना दिवसभर उठता-बसताना पाहतो.

नमाजचेच घ्या. पाच वक्तांच्या फर्ज नमाजच्या १७ रकाती होतात. सजद्यातून उठून पुन्हा सरळ उभे राहायला मांड्या, कुल्ले, पाठ आणि तोल या सगळ्यांची मदत लागते. जो माणूस वर्षानुवर्षे हे सहज करत होता, तो आता उठताना जमिनीवर एक हात टेकतो. काही महिन्यांनी दोन्ही हात टेकतो. नंतर शेजारच्या भिंतीचा आधार घेतो. मग खुर्ची येते. ज्याला जमत नाही त्याला बसून नमाज पढण्याची सवलत शरीअतने दिलेली आहे. त्यात संकोच करण्यासारखे काहीच नाही. मला फक्त एवढेच म्हणायचे आहे की खुर्ची आली, त्या दिवशी घरच्यांनी कारण विचारावे. 'गुडघा दुखतो म्हणून बसता, की उठायला जोरच येत नाही म्हणून?' ही दोन वेगळी उत्तरे आहेत. बऱ्याचदा दोन्ही खरी असतात. गुडघा दुखतो म्हणून हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली म्हणून मांडीचे मांस जाते आणि मांस गेले की गुडघ्यावरचा भार आणखी वाढतो.

जमिनीवरून उठण्याला डॉक्टरही महत्त्व देतात. ब्राझीलमधले डॉ. क्लॉडिओ गिल अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या सुमारे दोन हजार लोकांना जमिनीवर बसायला आणि उठायला सांगितले. किती वेळा हात किंवा गुडघा टेकावा लागला, त्याप्रमाणे गुण कमी केले. पुढे काही वर्षे या लोकांची माहिती ठेवली. ज्यांचे गुण कमी होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या बुजुर्गांना मुद्दाम असे करायला लावू नका, पडण्याची भीती असते. पण रोजच्या उठण्या-बसण्यात त्यांच्यात काय बदल झाला, हे पाहायला काहीच हरकत नाही.

याशिवाय घरात दिसणाऱ्या खुणा अशा. पिळलेल्या कपड्यांतून पाणी गळत राहते, कारण पिळणाऱ्या हातात जोर नसतो. बाटलीचे, बरणीचे झाकण उघडत नाही. कणीक मळताना मध्येच थांबावे लागते. बरोबर चालणाऱ्या नातवंडांना 'हळू चला' म्हणावे लागते. रस्ता ओलांडायची भीती वाटू लागते. पलंगावरून उठताना आधी झोका घेऊन मग उठावे लागते. बांगड्या, अंगठी, घड्याळाचा पट्टा, पायजम्याची कंबर सैल पडते. यातली एखादी गोष्ट म्हणजे आजार नव्हे. पण दोन-तीन एकत्र दिसू लागल्या, तर 'उमर' म्हणून सोडून देऊ नये.

पाच प्रश्न

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पाच सोप्या प्रश्नांची एक चाचणी तयार केली. तिचे नाव 'सार्क-एफ'. चहा पिता पिता हे प्रश्न विचारता येतात.

१. साधारण साडेचार किलोचे ओझे, म्हणजे जवळजवळ पाच किलो आट्याची पिशवी, उचलून नेताना किती त्रास होतो?

२. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालताना किती त्रास होतो?

३. खुर्चीवरून किंवा पलंगावरून उठताना किती त्रास होतो?

४. दहा पायऱ्या चढताना किती त्रास होतो?

५. गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात?

पहिल्या चार प्रश्नांना 'काहीच त्रास नाही' असेल तर ०, 'थोडा' असेल तर १, 'खूप' किंवा 'जमतच नाही' असेल तर २ गुण. पाचव्या प्रश्नाला, एकदाही पडले नसतील तर ०, एक ते तीन वेळा पडले असतील तर १, चार किंवा जास्त वेळा पडले असतील तर २. एकूण बेरीज ४ किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टरांना दाखवावे.

या चाचणीची एक उणीव आहे. ती सुरुवातीच्या अवस्थेतल्या बऱ्याच लोकांना पकडत नाही. शिवाय आपले बुजुर्ग 'त्रास होतो' असे सहज कबूल करत नाहीत. अब्बांना विचारले असते, तर त्यांनी पाचही प्रश्नांना हसून 'काही नाही' म्हटले असते. म्हणून उत्तरांबरोबर थोडी मोजदादही करावी.

घरातली मोजमापे

यासाठी मोबाइलमधले स्टॉपवॉच आणि शिलाईची टेप पुरे.

खुर्चीची चाचणी: हात नसलेली, सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर बांधून पाच वेळा पूर्ण उभे राहायचे आणि बसायचे. आपण शेजारी उभे राहून वेळ मोजायची. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर पुढची तपासणी करावी. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल, तर तेही उत्तरच आहे. जबरदस्ती करू नका.

चालण्याचा वेग: आजकाल अनेक घरांत दोन फूट बाय दोन फूट फरशी असते. अशा दहा फरश्या म्हणजे साधारण सहा मीटर. नेहमीच्या चालीने हे अंतर चालायला सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर चाल मंदावली आहे असे समजावे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या पावलाचा वेळ धरला जाऊ नये म्हणून एक फरशी आधीपासून चालायला सुरुवात करावी आणि एक फरशी पुढे जाऊन थांबावे.

पोटरीचा घेर: खुर्चीवर बसवून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, पोटरीच्या सर्वांत जाड भागाला टेप लावा. त्याच निकषांनुसार पुरुषांमध्ये ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांमध्ये ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर ही धोक्याची खूण मानतात. पायांवर सूज असेल किंवा अंगात चरबी जास्त असेल, तर हे माप फसवते. आपल्याकडचे काही लोक मुळातच लहान चणीचे असतात. म्हणून एकदाच्या आकड्यापेक्षा, सहा महिन्यांत तो किती बदलला, हे जास्त महत्त्वाचे.

टेप नसेल तर जपानमधली एक युक्ती आहे. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून एक कडे करायचे आणि ते स्वतःच्याच पोटरीच्या जाड भागाभोवती धरायचे. कडे पुरले नाही, तर चांगले. कडे नेमके बसले, तर सावध राहावे. कडे धरूनही आत फट राहिली, तर तपासणी करावी. टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी काशिवा शहरातल्या ज्येष्ठांवर ही युक्ती तपासून पाहिली आहे. कडे स्वतःच्याच बोटांचे असल्यामुळे माणसाची चण त्यात आपोआप धरली जाते.

दवाखान्यात आणखी एक माप घेतात, ते म्हणजे हाताच्या पकडीचे. डायनॅमोमीटर नावाचे छोटे यंत्र मुठीत दाबायचे असते. आशियाई निकषांनुसार पुरुषांची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांची १८ किलोपेक्षा कमी असेल, तर ती कमजोर समजतात. आपल्या देशात २०१७-१८ साली झालेल्या 'लासी' या मोठ्या पाहणीत ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांना भेटून माहिती घेतली गेली. त्या पाहणीतही पकड यंत्राने मोजली होती. मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ही पाहणी केली. म्हणजे हे माप काही परदेशी चैन नव्हे. फिजिओथेरपिस्टकडे गेलात तर पकड मोजता का, असे अवश्य विचारा.

डॉक्टरांकडे काय बोलायचे

'अशक्तपणा आहे' एवढे सांगितले, तर बहुतेक वेळा टॉनिकची बाटली मिळते. त्याऐवजी मोजमापे सांगा. 'सहा महिन्यांपूर्वी पाच वेळा उठायला ११ सेकंद लागायचे, आता १६ लागतात. वर्षात दोनदा पडल्या आहेत.' असे सांगितले की डॉक्टरही वेगळ्या नजरेने पाहतात. स्नायू कमजोर होण्यामागे दुसरी कारणेही असू शकतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, काबूत नसलेली शुगर, किडनीचा आजार, काही औषधांचे परिणाम, दात नसल्यामुळे कमी झालेले खाणे आणि मनाची उदासी, हे सर्व तपासून पाहावे लागते. गरज वाटली तर स्नायूंचे प्रमाण मोजण्यासाठी डॉक्टर डेक्सा स्कॅनसारखी तपासणी सांगतात.

आणि हे लक्षात असू द्या. सार्कोपेनिया हळूहळू येतो. अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा मोजमापे करत बसू नका. त्या क्षणी दवाखाना गाठा. काही आठवड्यांत वजन झपाट्याने उतरले, तरीही वाट पाहू नका.

गेलेली ताकद परत येते का?

बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रात १९९० मध्ये डॉ. मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा स्त्री-पुरुषांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. वजन हळूहळू वाढवत नेले. शेवटी त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ पावणेतीन पट झाली. चार वर्षांनी त्यांनीच सरासरी ८७ वर्षांच्या शंभर अशक्त ज्येष्ठांवर मोठा अभ्यास केला. ज्यांनी व्यायाम केला, त्यांची ताकद आणि चाल दोन्ही सुधारली. ज्यांना व्यायामाशिवाय फक्त पौष्टिक पेय दिले, त्यांच्यात असा फरक पडला नाही.

या उलटचाही पुरावा आहे. २००७ मध्ये अमेरिकेत सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी लोकांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो मांस कमी झाले. हे वाचताना मला अब्बांना सांगितलेले 'आता आराम करा' आठवले. चाळीस वर्षे मशीनचे पायडल मारणारे पाय आम्ही एका दिवसात रिकामे केले होते.

आपल्याकडे खिदमत म्हणजे बुजुर्गांच्या हातातून प्रत्येक काम काढून घेणे, असा समज आहे. पाण्याचा ग्लास हातात, जेवण पलंगावर, 'तुम्ही उठू नका, मी आणते.' यामागे मोहब्बत असते, पण स्नायूंना त्याची शिक्षा मिळते. जे काम त्यांना झेपते, ते त्यांच्याकडेच राहू द्यावे. आपण जवळ उभे राहावे.

व्यायाम साधे असावेत. खुर्चीवरून आठ-दहा वेळा उठ-बस. स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा वर उचलणे. भिंतीला हात लावून अंग पुढे-मागे नेणे. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली, म्हणजे एक किलो वजन, हातात धरून वर-खाली करणे. आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस हे व्हावे. जमू लागले की थोडे वाढवावे. वाढवले नाही, तर ताकदही तिथेच थांबते. फजरनंतरचा फेरफटका हृदयाला उत्तम, पण स्नायूंची ताकद वाढायला तेवढा पुरत नाही. हृदयाचा त्रास असेल, नुकतेच ऑपरेशन झाले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

बोटी मुलांना, शोरबा अम्मीला

आता दस्तरखानाकडे पाहू. ज्येष्ठांना दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. किडनीचा आजार असेल, तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

आमच्या अम्मीचा दिवस कसा होता? सकाळी चहा-खारी, दुपारी शोरब्यात चुरलेली भाकर, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री पातळ खिचडी. घरात आठवड्यातून दोनदा गोश्त शिजायचे. पण बोटी मुलांच्या ताटात जायची आणि अम्मीच्या वाटीत शोरबा. 'दात नाहीत, मला शोरबाच बरा,' असे ती म्हणायची. शोरब्याने ताकद येते, अशी आपली समजूत आहे. पण प्रथिनांचा मोठा भाग बोटीत असतो, पातळ रश्शात नव्हे. दात नसतील, तर बारीक खिमा करावा, बोटी कुस्करून द्यावी. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, ग्लासभर दुधात ७-८, वाटीभर घट्ट वरणात ६-७ आणि १०० ग्रॅम चिकनमध्ये २० ग्रॅमहून जास्त असतात. दही, मासे, हरभरे, शेंगदाण्याचा कूट हे सर्व चालते. एकाच वेळी भरपूर देण्यापेक्षा तिन्ही वेळच्या जेवणात थोडे थोडे असावे.

रमजानमध्ये याकडे जास्त लक्ष द्यावे. इफ्तारला शरबत आणि भजी, सेहरीला चहा-पाव असे महिनाभर चालले, तर बुजुर्गांचे मांस झडते. सेहरीला अंडे, दही किंवा खिमा आणि इफ्तारनंतर नीट जेवण, एवढे तरी व्हावे. शुगरच्या रुग्णांनी रोजे ठेवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अम्मीचे कार्ड

मी शाळेत शिकवते. आम्ही प्रत्येक मुलाची उंची आणि वजन वर्षातून दोनदा मोजून त्याच्या पुस्तकात लिहितो. एखादे मूल मागे पडले, तर पालकांना बोलावतो. अब्बांच्या नंतर मला वाटले, वाढणाऱ्या वयाची नोंद आपण ठेवतो, मग उतरत्या वयाची का ठेवू नये?

म्हणून मी अम्मीचे एक कार्ड तयार केले. त्यात पाच रकाने आहेत. वजन, पोटरीचा घेर, पाच वेळा उठायला लागलेला वेळ, दहा फरश्या चालायला लागलेला वेळ आणि सहा महिन्यांत किती वेळा पडली. पहिली नोंद केली तेव्हा अम्मी ७१ वर्षांची होती. हात टेकल्याशिवाय ती दोनदाच उठू शकली. पोटरीचा घेर ३१ सेंटिमीटर भरला. अब्बांची जुनी टेप होती, तिनेच मोजला. दोघींपैकी कोणी काही बोललो नाही.

डॉक्टरांना दाखवले. ड जीवनसत्त्व फार कमी निघाले, त्याचे औषध सुरू झाले. फिजिओथेरपिस्टने व्यायाम शिकवले. पहिला महिना अम्मी रोज कुरकुर करायची. "अब इस उमर में कसरत?" मग माझ्या मुलाने मोजायची जबाबदारी घेतली आणि नातवासमोर हार मानणे तिला जमेना. सकाळी खारीऐवजी अंडे आले. तिची बादली तिनेच अर्धी भरून उचलायची, असे ठरले.

सहा महिन्यांनी हात न टेकता पाच वेळा उठायला तिला १५ सेकंद लागले. वर्षाने १३. निकषाच्या रेषेपर्यंत ती अजून पोहोचलेली नाही. पोटरीचा घेर अर्धा सेंटिमीटरच वाढला. गुडघ्यांची झीज खरी असल्यामुळे नमाज ती आजही खुर्चीवरच पढते. पण वुजूला एकटी जाते, जिना उतरून शेजारच्या आपांकडे जाते आणि वर्षभरात एकदाही पडलेली नाही. अलहमदुलिल्लाह.

या महिन्यात एक संध्याकाळ काढा. घरातल्या साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला प्रेमाने बसवा आणि उठवा. घड्याळ लावा, टेप लावा, वहीत तारीख घालून लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तेच पुन्हा करा. आणि कोणी म्हणाले, "उमर हो गई," तर मान डोलावून पुढे जाऊ नका. वही उघडून बघा, उमर किती झाली आणि ताकद किती गेली.